समुद्राचं पाळीपत्रक

रोज सकाळी सव्वासातला वन्संचा फोन यायचा. मी सांगलीत विश्रामबागेला, त्या रहिमतपूरला. दोघी साडेपाचला घराबाहेर पडायचो, आपापल्या गावात चालायचो आणि परत आल्यावर किती किलोमीटर झाले ते एकमेकींना सांगायचो. दोन मिनिटांच्या वर हे बोलणं कधी गेलं नाही. त्या दिवशी फोन सहा वाजून बावीस मिनिटांनी वाजला. मी अजून रस्त्यात होते. नाव वन्संचंच दिसलं म्हणून म्हटलं, "काय वन्सं, आज लवकर?" पलीकडून त्यांच्या शेजारच्या बाई बोलत होत्या. वन्संनी चहाला आधण ठेवलं होतं. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसरी बांधायला वाकल्या, ओट्याला टेकून खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर येऊन पाहून गेले होते... मी जिथे होते तिथून घर एक किलोमीटर आणि दोनशे मीटर. ते अंतर मी कसं आले हे मला सांगता येणार नाही.

शकुंतला ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय त्रेसष्ट. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणतात, म्हणून मी तिला अठ्ठावीस वर्षं वन्सं म्हणत आले आणि ती मला नावाने, सुनंदा म्हणून. नणंद-भावजयीचं जे काय ठरलेलं नातं असतं ते आमच्यात पहिली चार-पाच वर्षं होतं. पुढे दोघींनाही त्याचा कंटाळा आला. गेली तीन वर्षं तर आम्ही दोघी मिळून एक बेत आखत होतो. रहिमतपूरहून पायी निघायचं, मसूर, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि मग वाशिष्ठीच्या काठाकाठाने, खाजणातून आणि खाडीकाठच्या गावांमधून, नदी समुद्राला मिळते त्या अंजनवेलपर्यंत. मोठे रस्ते शक्य तिथे टाळून आमच्या मोजणीने एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. रोजचे बारा धरले तर सोळा दिवस आणि पंधरा मुक्काम. ठरलेल्या दिवसाच्या एकोणीस दिवस आधी वन्सं गेल्या.

"एवढं सगळं ठरवलं होतं हो, राहूनच गेलं. बिचारी." तेराव्यापर्यंत हे वाक्य मी सत्तावीस वेळा ऐकलं. मोजायची सवय आहे म्हणून मोजलं. म्हणणारी माणसं वाईट नव्हती. पण या वाक्यातल्या दोन शब्दांना माझी हरकत आहे. एक 'बिचारी' आणि दुसरा 'राहून गेलं'. हरकत लेखी नोंदवावी असं मला वन्संनीच शिकवलं, म्हणून लिहिते आहे.

वन्सं लग्न होऊन कोयनानगरला गेल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. यजमान धरणाच्या कामावर वायरमन. वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं, आणि मांडणीवरची भांडी दर थोड्या दिवसांनी आपोआप वाजायची. पहिल्यांदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. शेजारच्या सगळ्या बाया अंगणात पळाल्या. वन्संनी तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, मग तवा उतरवून त्या बाहेर आल्या. सासूबाई ओरडल्या, तर म्हणाल्या, "आवं आत्याबाई, घर पडायचं आसंल तर पडंल. भाकरी कशापायी जाळू?" हे धाडस नव्हतं. अर्धवट टाकलेलं काम त्यांना सहन व्हायचं नाही, एवढंच.

पस्तिशीत त्यांचे यजमान गेले. मुलगा संदीप तेव्हा सात वर्षांचा. खात्याने वन्संना नोकरीत घेतलं आणि पुढे रहिमतपूरकडे कालव्याच्या पाळीच्या नोंदी ठेवायला पाठवलं. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या कोणत्या चारीला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती तास पाणी सोडायचं, शेजारी-शेजारी कुणाचा नंबर कुणानंतर, याचा जो तक्ता असतो त्याला पाळीपत्रक म्हणतात. ते वन्सं स्वतःच्या हाताने लिहायच्या. रेघा फूटपट्टीने. एकदा एक मोठा बागायतदार सकाळी अकरालाच चारीचं दार उघडा म्हणून चार माणसं घेऊन आला. त्याची पाळी चारची होती. वन्सं डबा घेऊन दाराच्या चाकाशेजारी कट्ट्यावर जाऊन बसल्या. तो म्हणाला, "बाई, तुमी पाणी आडवणार व्हय आमचं?" वन्संनी डबा उघडला. "मी न्हाई आडवत. घड्याळ आडवतंय. चार वाजूं द्या, मी सोताच्या हातानं चाक फिरवती. तवर बसा. भाजी लय झालीया, घेता का थोडी?" तो बसला नाही, पण चारपर्यंत गेलाही नाही. चार वाजता चाक फिरलं. ही गोष्ट मी त्यांच्याकडून नाही, त्या बागायतदाराकडून ऐकली. तेराव्याला आला होता. सत्तावीस जणांत तो नव्हता.

बेताचं मूळ पाण्यातच होतं. कोयनेचं पाणी दोन बाजूंना जातं. एक वाटा नदीतून पूर्वेला, कऱ्हाडला कृष्णेत मिळतो आणि आमच्या सांगलीवरून पुढे जातो. दुसरा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, वीज करून वाशिष्ठीत आणि तिथून समुद्रात. निवृत्त झाल्यावर एकदा आमच्याकडे आल्या असताना कृष्णेच्या घाटावर उभं राहून वन्सं म्हणाल्या, "ह्ये पाणी मी पुरं बघितलंय. हितनं तितपातूर. पण ज्ये डोंगरात शिरतंय त्ये कुठं जातंय, त्ये कवाच बघितलं न्हाई. सोळा वरसं त्याच्या उशाला ऱ्हायली की गं मी." मी म्हटलं, चिपळूणला एस्टीने चार तासांत जाता येईल. त्या म्हणाल्या, "पाणी काय एस्टीनं गेलंय?"

तिथून तीन वर्षं. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे अंतरं माझ्याकडे आली आणि मुक्काम त्यांच्याकडे. नकाशावर दोरा ठेवून मी अंतर मोजलं, मग दोराही ओला-सुका लांबतो-आखडतो म्हणून तीनदा मोजून सरासरी काढली. वन्संनी पंधरा मुक्कामांसाठी शाळा, देवळं, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे पंधरा पत्ते जमवले. पाठीवर किती वजन घ्यायचं यावरून आमचं एक कडाक्याचं भांडण झालं. मी सहा किलो म्हणत होते, त्या साडेचार. शेवटी त्यांनी माझी पिशवी उपसून दुसरं पातळ, दुसरा टॉवेल आणि गणिताचं पुस्तक बाहेर काढलं. "समिंद्राला शिकवणी घेणार हाईस व्हय?"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खाडीचा भाग पाहायला गेलो. वन्संच्या कचेरीतल्या एक बाई निवृत्तीनंतर लेकीकडे चिपळूणला राहतात, त्यांच्याकडे उतरलो. खाडीकाठी एका ठिकाणी खाजणातून पायवाट आहे. दोन्ही बाजूंना खारफुटी, मध्ये चिखलाचा पट्टा. ती वाट धरली की सात किलोमीटरचा वळसा वाचतो. आम्ही पाहिलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पाणी उतरलेलं, माणसं डोक्यावर गवताचे भारे घेऊन ये-जा करत होती. आम्ही एक वाजेपर्यंत काठावर बसून पाहिलं आणि वन्संनी वहीत नोंद केली, 'सकाळी दहा ते एक वाट मोकळी'. खाली फूटपट्टीने रेघ. मी ती नोंद वाचली आणि खाली बरोबरची खूण केली.

चार दिवसांनी चालून बघायला म्हणून आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो. बरोबर दहाला. वाट नव्हतीच. छातीभर पाणी, खारफुटीची नुसती डोकी वर. वन्संनी घड्याळ पाहिलं, कानाला लावून पाहिलं, मग माझं पाहिलं. शेजारी बांधावर एक बाई टोपली उपडी ठेवून बसली होती, खाडीतल्या शिंपल्या काढायला आलेली. तिने आमच्याकडे, वहीकडे आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"घाटावरच्या काय गो तुमी?"

"व्हय. का?"

"ह्यां पाणी घड्याळ नाय बगत. तिथी बगतां. आज एकादस. बसा आता."

वीस-बावीस वर्षं पाळीपत्रक लिहिलेल्या बाईने समुद्राचंही पाळीपत्रक लिहिलं होतं. मंगळवारी दहाला पाणी नाही, म्हणजे शनिवारीही दहाला नाही. आणि मी, रोज दहा मुलांना गणित शिकवणारी, तिच्याखाली बरोबरची खूण केली होती. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. भूगोलात शिकले होते. पण आम्हां घाटावरच्या माणसांच्या डोक्यात पाणी म्हणजे कुणीतरी सोडतं आणि कुणीतरी बंद करतं. त्या बाईने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, तिथून सहा तासांवर ओहोटी. मी मनात उलटा हिशेब केला. आम्ही पहिल्यांदा आलो ती सप्तमी, भरती पहाटे सव्वापाचला, ओहोटी साडेअकराच्या सुमाराला. अगदी बरोबर जुळत होतं. मला फार लाज वाटली.

वन्संना वाटली नाही. त्या बांधावर त्या बाईशेजारी मांडी घालून बसल्या आणि हसायला लागल्या. "वीस वरसं मी लोकान्ला सांगत आली, तुमची पाळी न्हाई, बसा. आज मला कुणीतरी सांगितलं." आम्ही तीन तास बसलो. दोघींना एकादशीचा उपास, जवळ नुसते शेंगदाणे आणि गूळ. एक वाजून गेल्यावर ती बाई उठली, साडीचा काचा मारला आणि म्हणाली, माझ्या पावलांवर पावलं टाका. गुडघाभर चिखल. माझी एक चप्पल तिथेच राहिली. पलीकडे पोचल्यावर वन्संनी 'सकाळी दहा ते एक' ही ओळ खोडली नाही. तिच्यापुढे लिहिलं, 'फक्त सप्तमीला'. आणि रात्रीच्या मुक्कामाऐवजी ओहोटीच्या वेळेवर सगळा प्रवास नव्याने बेतला. खाजण पार करायच्या दिवशी सप्तमी किंवा अष्टमी यावी, म्हणजे पाणी दुपारच्या आत उतरलेलं असेल, आणि त्या दिवसापासून मागे मोजत रहिमतपूर सोडायचा दिवस. असा निघायचा दिवस आला तो मार्गशीर्षातला. तो आमच्या सोयीने ठरला नव्हता, म्हणून कुणाच्याही सोयीने हलवता येणार नव्हता.

वन्संचा मुलगा संदीप सैन्यात हवालदार आहे. त्याचा पहिल्यापासून विरोध. "मामी, आम्ही वीस-वीस किलो घेऊन चालतो ते ड्युटी म्हणून. तुम्हाला कुणी ऑर्डर दिलीय?" तेराव्याच्या संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "मामी, खरं सांगू? त्या चालण्यानंच आई गेली. हार्टवर लोड आला. तुम्ही नादाला लावलंत."

घरात सात माणसं होती. मी वन्संची वही काढली. दर रविवारी त्या रक्तदाब तपासून लिहायच्या. चालायला सुरुवात केली तेव्हा एकशे चौसष्ट आणि अठ्ठ्याण्णव. शेवटच्या रविवारी एकशे बत्तीस आणि ब्याऐंशी. मी आकडे वाचून दाखवले. मग सरावाची पानं काढली. कालव्याच्या काठाने किलोमीटरचे दगड आहेत, त्यावरून त्या मोजायच्या, अंदाज नाही. एकशे नव्वद दिवस, अकराशे चाळीस किलोमीटर. मी म्हटलं, "संदीप, आपली वाट एकशे अठ्ठ्याऐंशीची. अकराशे चाळीस म्हणजे ती सहा वेळा पुरी होऊन वर बारा किलोमीटर उरतात. सातव्या खेपेचा पहिला दिवस झाला होता तुझ्या आईचा. याला राहून गेलं म्हणायचं असेल तर म्हणा. पण माझ्यासमोर नको."

तो म्हणाला, "आकड्यांनी आई परत येणार आहे का?"

नाही येणार. तेही मी मान्य केलं. त्याला रडायचं होतं आणि मी त्याच्यापुढे बेरजा मांडल्या, हे मला त्याच वेळी कळत होतं. पण तिथे मी गप्प बसले असते तर पुढे प्रत्येक बारशा-लग्नात 'चालायच्या वेडापायी गेली' असंच ऐकावं लागलं असतं. त्याला मी वही दिली. त्याची आहे. फक्त मुक्कामांचं आणि तिथींचं पान उतरवून घेतलं आणि सांगितलं की ठरलेल्या दिवशी मी निघणार आहे.

यावर जे झालं ते थोडक्यात सांगते. वर्षाच्या आत प्रवास करू नये, बाईमाणसाने एकटीने तर नाहीच, लोक काय म्हणतील, असं सगळं झालं. चुलत सासूबाई म्हणाल्या, "तेरा दिस झाल्यात न्हाईत तवर हिला फिराया जायाचंय." मी म्हटलं, "आत्या, फिराया न्हाई. चालाया." माझ्या नवऱ्याने दोन दिवस माझ्याशी एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "टॉर्चला सेल आहेत का?" बहीण त्यांची होती, भावजय मी. दुःख कुणाचं जास्त याची तुलना आम्ही केली नाही. ते रहिमतपूरला सोडायला आले आणि पहिला एक किलोमीटर बरोबर चालले.

आज पाचवा दिवस. हे मी पाटणच्या मुक्कामी, दुपारी लिहिते आहे. साठ किलोमीटर झाले, एकशे अठ्ठावीस उरले. उद्या कोयनानगरच्या वाटेला लागायचं. पंधराही मुक्कामांना मी निघण्यापूर्वी फोन केले होते, दोघी येणार होतो, एकटी येते आहे म्हणून. सगळ्यांनी, या, म्हणून सांगितलं. एकाने विचारलं, "मग बरोबर कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "बरं. वाटंत कुत्री हायती, काठी आणा." संदीपशी बोलणं नाही. पण तिसऱ्या दिवशी त्याचा एक निरोप आला, 'फोड आला तर फोडू नका, वर पट्टी लावा.' मी लावली.

तेराव्याला सांगायला कुणाला सुचलं नाही अशी वन्संची एक सवय होती. दर तासाला, दमलेलं असो वा नसो, त्या रस्त्याच्या कडेला बसायच्या, बूट काढायच्या, पाय पिशवीवर उंच ठेवायच्या आणि पाच मिनिटं मोजायच्या. त्यात मला चालढकल करू द्यायच्या नाहीत. "दमल्यावर बसणं म्हंजी हारणं. त्याच्या आदी बसायचं." मला ते तेव्हा वेळ घालवणं वाटायचं. आता मी तासाला बसते.

काल उंब्रजकडून मल्हारपेठला येताना अशीच बसले होते. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांचा धुरळा, रस्त्याला दुसरं माणूस नाही. एक म्हातारेबुवा शेरडं घेऊन आले. माझे वर केलेले पाय पाहून त्यांनी विचारलं, "कुठं निघालासा बाई?"

"अंजनवेलला. समुद्रावर."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. "चालत?"

"हो."

"एस्टी हाय की." तेवढ्यात लांबून एस्टी दिसली. मी नको-नको म्हणेपर्यंत ते रस्त्याच्या मध्यात गेले आणि काठी आडवी धरून त्यांनी गाडी उभी केली. कंडक्टरने दार उघडलं. खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. "चला बाई, लवकर."

"मला यायचं नाही."

"मग गाडी का थांबवली?"

"मी नाही थांबवली."

म्हातारेबुवा मला म्हणाले, "आवं बसा की. पाय बघा कसं झाल्यात."

"नाही बसणार."

कंडक्टर एकदा माझ्याकडे, एकदा शेरडांकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि त्याने घंटी वाजवली. गाडी निघून गेली. म्हातारेबुवांनी धुरळा खाली बसू दिला. मग म्हणाले, "आता फुडली दोन तासानं हाय."

"बरं," मी म्हटलं. माझ्या पाच मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती. मी ती पुरी केली, नाड्या बांधल्या आणि निघाले.